चूळवालीच्या चौकात

चूळवालीनं पहिल्याच भेटीत मला भिजवलं. कोल्हापुरात पाय ठेवून अर्धा तासही झाला नव्हता आणि अंगावर प्रवासासाठी मुद्दाम काढलेली बरी साडी होती.

अकोल्याहून गाडीत बसले तेव्हा या बाईविषयी मला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी संध्या लग्न होऊन कोल्हापूरला गेली, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. बहीण आता नाही. संध्याच्या मुलीचा, तन्वीचा, ओंकारशी साखरपुडा ठरला तेव्हा आजोळच्या बाजूनं उभं राहायला मी एकटीच उरले होते. बुधवारी संध्याकाळी निघाले आणि गुरुवारी दुपारी कोल्हापूरला उतरले. माघातलं कोरडं ऊन होतं. स्टेशनाबाहेर येताच हवेत एक गोड, किंचित आंबूस वास आला. संध्या म्हणाली, मळीचा वास आहे, कारखाने चालू झाले की हा असाच येतो.

रिक्षात बसताना ती रिक्षावाल्याला म्हणाली, "कसबा बावडा. पण चौकातनं नको, मागल्या रस्त्यानं घ्या."

"मागचा रस्ता खणून ठेवलाय ताई. चूळवालीवरनंच जायला लागतंय."

"कोण चूळवाली?" मी विचारलं.

"कोणी नाही गं मावशी," संध्या म्हणाली.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "पावणं (पाहुणे) नवीन दिसत्यात. आवं, कारंजं हाय. कुणालाबी पत्ता सांगायचा झाला तर तिच्यापास्नंच सांगत्यात. चूळवालीच्या डावीकडं, चूळवालीच्या मागं."

चौक आला तशी संध्यानं माझा दंड धरून मला उलट्या बाजूला वळवलं. "मावशी, इकडं बघ. हे आपलं कार्यालय. रविवारी कार्यक्रम इथंच."

मी मंगल कार्यालयाची गुलाबी कमान पाहिली, छान आहे म्हटलं आणि मान वळवून दुसरीकडं पाहिलं. मग रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा थांबवा हो."

दगडी हौदाच्या मधोमध, न घडवलेल्या काळ्या पाथरावर, माणसाच्या दीडपट उंचीची एक बाई उभी होती. ब्राँझची. पाय फाकवलेले, लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला, पोटऱ्यांवर शिरा उमटलेल्या. चोळीची गाठ घट्ट, पदर कमरेला गुंडाळून त्यात विळा अडकवलेला. डावा हात कमरेवर. मान थोडी मागं, ओठ चंबूसारखे आवळलेले, आणि त्या ओठांतून पाण्याची जाड धार निघून मोठी कमान करत दहा-बारा फुटांवर हौदात पडत होती. दुपारचं जेवण उरकून शेताच्या बांधावर चूळ टाकणारी बाई. माझ्या आयुष्यात चौकाचौकांतले घोडे, तलवारी, पुस्तकं हातात घेतलेली माणसं, डोक्यावर घागर घेतलेल्या नाजूक बाया पुष्कळ पाहिल्या होत्या. रस्त्याकडं तोंड करून थुंकणारी बाई कुठंच पाहिली नव्हती. मी आणखी जवळ गेले, वारा फिरला आणि अख्खी धार माझ्या खांद्यावर आली.

हौदाच्या कट्ट्याशी मेथी-शेपूच्या पेंढ्या मांडून बसलेली एक बाई मोठ्यांदा हसली. "काय पावणं! झाली न्हवं आंघूळ? वारं सुटलं की ती कुणालाबी सोडत न्हाय बगा."

संध्या रिक्षातून हाका मारत होती. मी ओली होऊन परत बसले. भाजीवालीचा चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत राहिला. बराच पुढं गेल्यावर लक्षात आलं, आत्ताच पाहिला होता, धातूचा, दीडपट मोठा.

संध्याचं घर बावड्यात एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीतून एका बाजूला अशाच नव्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला अजून शिल्लक राहिलेला ऊस दिसतो. उसानं भरलेल्या ट्रॉल्या गाणी लावून कारखान्याकडं जात होत्या. संध्याकाळी जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा होता. पांढरा म्हणजे सौम्य असणार या समजुतीनं मी अर्धी वाटी एकदम प्याले आणि मिऱ्यानं घसा धरला. जावई, म्हणजे संध्याचा नवरा, हसू दाबत म्हणाले, "मावशी, इथं रंगावर जायचं नाही."

जेवताना चूळवालीचा विषय निघालाच. संध्या म्हणाली, "रविवारी काळजी नाही. सकाळीच मांडववाले तिला पांढरं कापड गुंडाळणार आहेत. पाणीही बंद. कार्यालयाच्या मालकांनीच कबूल केलंय, चौकाच्या सुशोभीकरण समितीवर तेच आहेत."

"पण का?"

"अगं, कमानीतून आत येणाऱ्या माणसांकडं तोंड करून ती थुंकते. प्रत्येक फोटोत मागं तीच. ओंकारच्या घरची माणसं चंदगडकडची, जुन्या वळणाची. त्याची आजी येणार आहे. त्या म्हातारीला काय वाटेल?"

"तिनं काही म्हटलंय का?"

"तिला कशाला विचारायचं? ओंकारच्या काकांचा फोन होता. आमच्यातल्या बायकांना असलं चालणार नाही म्हणाले."

तन्वी खाली मान घालून भाताचे गोळे करत होती. मीही गप्प बसले. पाहुणी म्हणून आलेलं माणूस, तीन दिवसांवर कार्य. बोलायची ही वेळ नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. आयुष्यभर हेच वाक्य मी स्वतःला वेगवेगळ्या घरांत सांगत आले आहे.

शुक्रवारी सकाळी फिरून येते म्हणून निघाले आणि सिटी बसनं चौकात गेले. वाटेत एका कोपऱ्यावर दोन म्हशी उभ्या होत्या आणि माणसं हातात पेला घेऊन रांगेत होती. धार थेट पेल्यात काढून देतात. मीही कोमट, फेसाळ दूध प्याले आणि वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊनच कारंज्यापाशी पोचले.

"या पावणं. आज लांबच उभ्या ऱ्हावा," भाजीवाली म्हणाली आणि पोत्याचा तुकडा सरकवून मला बसायला जागा दिली. तिचं नाव हौसाबाई. साठी ओलांडलेली, अजून सकाळी भाजी विकते आणि दुपारून बावड्याकडच्या शेतात भांगलायला (तण काढायला) जाते.

"ही तुम्हीच ना?" मी वर बोट करून विचारलं.

"व्हय. मीच हाय. दात तेवढं हिचं शाबूत हायत, माझं चार गेलं."

एवढ्यात एक उंच, सडपातळ म्हातारा पँट दुमडून हौदात उतरला आणि पुतळ्याच्या ओठांत तार घालून साफ करू लागला. हौसाबाईंनी ओळख करून दिली. "हे शौकतभाई. ह्यांनीच घडीवलंय मला. पोरं हौदात गुटख्याच्या पुड्या टाकत्यात, मग नळी तुंबतीया. रोज सकाळी येऊन दात घासल्यागत हिचं तोंड साफ करत्यात."

शौकतभाईंचा ओतकामाचा कारखाना जवळच्याच गल्लीत आहे. तार धुऊन ते कट्ट्यावर बसले आणि मी विचारलं तसं सगळं सांगितलं. समितीनं त्यांना घागर घेतलेली लाजरी बाई करायला सांगितली होती.

"असल्या घागरवाल्या मी तीन गावांत बसीवल्यात. सगळ्यांचं तोंड एकच," ते म्हणाले. "त्या दिवशी गूळ आणायला बावड्याच्या गुऱ्हाळावर गेलतो. बांधावर ह्या जेवून उठल्या, तांब्या तोंडाला लावला आन् चूळ टाकली. काय सांगू तुम्हास्नी! अख्खा बांध ओलांडून पलीकडं! मी म्हटलं, कारंजं ह्याला म्हणत्यात. बाकीची नुसती नळाची गळती."

"आन् माझ्याकडं आले की सरळ," हौसाबाई म्हणाल्या. "म्हणाले, तुमचा पुतळा करायचाय. मी म्हटलं, कापडं काढायला लागत्यात काय? तर म्हणाले, नको नको, नुसती चूळ भरायची. चार दिवस चूळ भरतोय मी! पोटाचा हौद झालता."

इथल्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी करतो, मी येतो' म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकलं, दुसऱ्या दिवशी आवडायला लागलं.

समितीनं मातीचा लहान नमुना पाहिला होता तो घागरवालीचा. उद्घाटनाच्या दिवशी पडदा उघडला आणि पाणी सुरू झालं तेव्हा व्यासपीठावरच्यांना कळलं. शौकतभाई म्हणाले, "एक मिनिट समदा चौक गप. मग मागं एक बाई हसली. मग दुसरी. मग थांबंनातच." त्यानंतर अर्ज सुरू झाले. कुणी म्हणालं, मांड्या दिसतात. कुणी म्हणालं, थुंकणं हा संस्कार नव्हे. हौसाबाईंचा दीर घरी येऊन म्हणाला, घराण्याचं नाक कापलंस, आता त्या चौकात पाय ठेवू नकोस.

"मग?"

"मग काय! पयल्यांदा मंडईत बसत होतो. दुसऱ्या दिवशी पाटी उचलली आन् हितं येऊन बसलो. तिच्या पायाशी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोघींकडंबी बघावं म्हटलं. हा रस्ता तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी लाल करत्यात गडी, त्यांस्नी कोण इचारतंय? आमी सोच्छ पाण्याची चूळ टाकली की नाक कापतंय?"

मला आता सांगणं भाग होतं. "हौसाबाई, रविवारी तिला झाकणार आहेत. कापड गुंडाळून, पाणी बंद करून. आणि ते कार्य आमचंच आहे. माझ्या नातीचा साखरपुडा."

त्यांनी शेपूची एक पेंढी सोडून पुन्हा बांधली. मग विचारलं, "कापड कसलं?"

"पांढरं."

"पांढरं." त्या उठून उभ्या राहिल्या. "मी काय मेलीय व्हय, पांढऱ्यात गुंडाळायला?"

शौकतभाई तार गुंडाळत राहिले. मी निघाले तेव्हा हौसाबाईंनी मेथीची एक पेंढी माझ्या हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत. "तुमचा राग न्हाय," म्हणाल्या. "पर रविवारी मीबी हितंच असणार हाय."

शनिवारी तन्वी आणि मी हुपरीला गेलो. तिथं घराघरांत चांदीचं काम चालतं. रस्त्यानं चालताना प्रत्येक दारातून बारीक ठकठक ऐकू येते. एका घरात सासू, सून आणि मुलगा एकाच पाटाभोवती बसून पैंजणाच्या कड्या जोडत होते. तन्वीनं होणाऱ्या नणंदेसाठी एक जोड घेतला, घुंगरू कमी असलेला. सुनेनं विचारलं, "आवाज नको काय?" तन्वी म्हणाली, "थोडा चालंल."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ती आपण होऊन बोलली. "मालूआजी, कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी पेपर संपला की चूळवालीपाशी जायचो. कट्ट्यावर उभं राहून कुणाची चूळ लांब जाते बघायचो. आईला माहीत नाही."

"तुझी किती लांब जायची?"

"दुसरा नंबर." ती हसली, मग हसू गेलं. "तिला झाकून त्या दारातून आत जायचं मला कसंतरीच वाटतंय."

"मग सांग की."

"कुणाला? ओंकारला सांगितलं. तो म्हणाला, काका मोठे आहेत, एक दिवसाचा प्रश्न आहे. आईला सांगितलं तर ती रडते. माझं कोण ऐकतंय?"

मी तिची समजूत घालू शकले असते. घातली नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि त्या न ऐकणाऱ्यांत गुरुवारपासून मीही होते.

रविवारी सकाळी नऊला आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा मांडववाले शिडीवरून उतरत होते. डोक्यापासून पावलांपर्यंत पांढरं कापड, वरून सुतळीचे वेढे. हौदातलं पाणी स्थिर. चौक अचानक कुठल्याही गावचा झाला होता.

मला काम दिलं होतं गुलाबपाण्याचं. कमानीत उभं राहून येणाऱ्या प्रत्येकावर चांदीच्या गुलाबदाणीतून चार थेंब शिंपडायचे आणि हसायचं. दहा-बारा माणसं आत गेली असतील, तेवढ्यात हौसाबाई आल्या. पाटी नव्हती. इस्त्रीचं हिरवं लुगडं, काष्टा, कडेवर भरलेली घागर आणि हातात तांब्या. त्यांच्याबरोबर भाजीवाल्या आणखी दोघी. हौसाबाई सावकाश कट्ट्यावर चढल्या, पांढऱ्या गाठोड्याच्या बाजूला, कार्यालयाकडं तोंड करून उभ्या राहिल्या, तांब्या तोंडाला लावला आणि चूळ टाकली. धार उन्हात चमकत हौदात पडली. त्यांनी तोंड पुसलं, थोडं थांबल्या आणि पुन्हा तांब्या लावला.

एक शब्द नाही. घोषणा नाही. पाहुणे थबकून बघायला लागले, काहींनी मोबाइल काढले. मालक धावत बाहेर आले. "हौसाबाई, खाली उतरा! पावणं याला लागल्यात!"

"येऊ देत की. मी कुठं अडीवलंय?"

"हे काय चालीवलंय मग?"

"न्याहरी झाली माझी. चूळ भरतोय. तुमी भरत न्हाय व्हय?"

माणसं हसली. मालक लाल झाले. मी माझ्या हातातल्या गुलाबदाणीकडं पाहिलं. इथं मीही एक बाई होते आणि येणाऱ्यांच्या अंगावर पाणीच उडवत होते. ते सगळ्यांना चालत होतं. उडवणारीनं मान झुकवलेली असली, पाण्याला वास असला आणि तोंड मिटलेलं असलं की पाणी चालतं. मी गुलाबदाणी टेबलावर ठेवली.

"मावशी, कुठं निघालीस?" संध्याच्या आवाजात भीती होती.

"आले," म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

तो रस्ता वीस पावलांचा असेल. त्या दोघींपैकी एका भाजीवालीनं हात देऊन मला कट्ट्यावर घेतलं. हौसाबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तांब्या पुढं केला. मी तोंड भरलं, समोर पाहिलं. गुलाबी कमान, जरीच्या साड्या, जावयांचा पडलेला चेहरा. आणि माझी पहिली चूळ हनुवटीवरून ओघळून थेट माझ्या पैठणीवर आली.

"गाल भरा," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "जीभ मागं घ्या. आन् लाजू नगासा."

दुसरी हौदात पडली. तिसरी चांगली लांब गेली. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं ते हसू, आणि चूळ भरताना हसू आलं की काय होतं हे सांगायला नको.

ओंकारचे काका आधीच पोचले होते. ते मालकांना म्हणाले, "आमची म्हातारी मागच्या गाडीत आहे. तिनं हे बघितलं तर परत फिरेल. आत्ताच्या आत्ता बायकांना हलवा." दोन माणसं आमच्याकडं निघाली आणि त्याच वेळी चंदगडहून आलेली जीप चौकात येऊन थांबली.

दार उघडलं. एक बुटकी, वाळकी, काष्टा घातलेली म्हातारी नातवाचा हात धरून खाली उतरली. पहाटेपासून वळणावळणाचा रस्ता, ओकून ओकून चेहरा पांढरा पडलेला. तिनं कमानीकडं पाहिलं नाही, पुढं झालेल्या काकांकडं पाहिलं नाही. तिला तांब्या दिसला. ती तडक हौदापाशी आली आणि हौसाबाईंना म्हणाली, "आक्का (थोरली बहीण), पाणी हाय काय गं? तोंड कडू इख झालंय नुसतं."

हौसाबाईंनी वाकून तांब्या दिला. म्हातारीनं गाल भरले, खळखळ केलं, काष्ट्याचे पाय फाकवून उभी राहिली आणि अशी चूळ टाकली की आम्हा तिघी-चौघींच्या चुळा पोरखेळ वाटाव्यात. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. चौकात कुणी हसलंसुद्धा नाही.

"हां, आता जिवात जीव आला," म्हातारी म्हणाली. मग तिनं मान वर केली. "त्या कापडात काय हाय?"

"मी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

म्हातारीला कळेना. पलीकडं हौदाच्या मागं लोखंडी झाकणाशी शौकतभाई उभे होते, ते मला तेव्हाच दिसले. ते वाकले आणि चावी फिरवली.

पाण्याला कापडाचं काय! आतून धार आदळली, पांढरं कापड ओठांपाशी फुगलं, मग चिंब होऊन खाली खाली चिकटत गेलं. छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या. मिनिटभरात ती बाई उघडी होती त्याहून दसपट उघडी दिसायला लागली. मोबाइल वर झाले. मालकांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि ओरडले, "काढा! काढा रे ते कापड आधी!"

मांडववाल्यानं सुतळी कापली. कापड हौदात पडलं आणि चूळवालीनं चौकभर आपली कमान टाकली.

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काष्टा बरोबर घातलाय," ती म्हणाली. "भात लावताना आमी असाच घालतोय. इळा तेवढा उलटा खोवलाय." शौकतभाईंनी मान डोलावून चूक कबूल केली. मग ती मुलाकडं वळली. "मला चालणार न्हाय म्हणून कुणी सांगितलं रे?"

काका मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

मालक शौकतभाईंकडं वळले, पाणी तरी बंद करा म्हणाले. तेव्हा मागून आवाज आला, "पाणी बंद करू नका." तन्वी कमानीबाहेर आली होती, साखरपुड्याच्या साडीत, केसांत गजरा. आवाज चौकाच्या या टोकापर्यंत आला. "माझं कार्य आहे. चालू ठेवा."

तिनं खाली वाकून आजेसासूला नमस्कार केला आणि हात धरून आत नेलं. जाता जाता दोघींच्या अंगावर तुषार उडाले.

साखरपुडा झाला. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, म्हातारीनं दोनदा मसालेभात मागून घेतला. हौसाबाईंना मी आत बोलावलं, त्या आल्या नाहीत. "माझं काम भाईर व्हतं," म्हणाल्या.

घरी आल्यावर संध्यानं दार लावून घेतलं आणि मग ती बोलली. "तुझी हौस झाली मावशी. तू परवा अकोल्याला जाशील. मला इथं राहायचंय. उद्या सोसायटीत, ह्यांच्या बँकेत, तन्वीच्या सासरी ही गोष्ट मला ऐकायची आहे. मला विचारलंस तू?"

नव्हतं विचारलं. तिचा हा शब्द मला लागला आणि लागायलाच हवा होता. काकांनी म्हातारीला विचारलं नाही म्हणून मी चिडले होते, आणि मीही संध्याला न विचारताच रस्ता ओलांडला होता. मी तिला म्हटलं, "तुझं म्हणणं बरोबर आहे. तरी मी पुन्हा तेच करेन." ती स्वयंपाकघरात निघून गेली. मंगळवारी स्टेशनवर सोडायला तन्वी एकटीच आली.

गाडीत बसल्यावर मी पैठणीवरचा डाग पाहिला. पाण्याचाच, पण रेशमावर पाण्याचाही डाग पडतो.

अकोल्यात शेजारणी विचारतात, कोल्हापुरात काय काय पाहिलं? मी त्यांना तलाव आणि राजवाडा सांगत नाही. फोटो दाखवते. काही जणी आवाज खाली आणून म्हणतात, शी, असलं चौकात? मी त्यांना विचारते, तुम्ही जेवल्यावर चूळ गिळता का?

तन्वीचा परवा फोन होता. समितीपुढं मालकांचा अर्ज गेला आहे, चूळवालीला गावाबाहेरच्या एका बागेत, झाडीच्या मागं हलवावं म्हणून. निर्णय व्हायचा आहे. हौसाबाई अजून तिथंच बसतात आणि शौकतभाईंनी विळा सरळ करून दिला आहे. संध्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तिचा राग निघायला वेळ लागेल, कदाचित निघणारही नाही.

समितीतल्या मंडळींनी हे वाचलं तर माझं त्यांना एवढंच सांगणं आहे. ती तुमच्या चौकात आहे, क्रेनही तुमचीच असेल. हलवायचीच असेल तर हलवा. पण कुणी जागं नसताना नको, कापड टाकून तर मुळीच नको. भर दुपारी या, चौक भरलेला असताना या, पाणी चालू ठेवा आणि तिच्या तोंडासमोर उभं राहून हलवा. आम्ही बघायला येऊ. अकोल्याहून एका दिवसात पोचता येतं.